पट्ट्यानं नेलेलं लुगडं

आरमोरीच्या धानगिरणीत चाकांना तेल घालणारा आणि पट्ट्यांना राळ लावणारा मुखरू, दिवाळी सरून मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस लागले की रंभा व्हायचा. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्यांच्या खेळात, बायकांची सोंगं पुरुषांनीच घ्यायची असत, आणि आमच्या झाडीपट्टीत मुखरूइतकी देखणी बाई दुसरी नाही, असं खुद्द बायकाच म्हणत. मिशी तो कधी ठेवतच नसे. कंबर वेताची. ढोलावर थाप पडली, की एरवी पोतं उचलताना कण्हणारा हा गडी अंगणात असा गिरक्या घेई की बघणाऱ्यांनाच घेरी यावी.

लुगडं नेसायला त्याला बायकोनं शिकवलं होतं. कमळा तिचं नाव. पहिल्या वर्षी तिनं हसतहसत शिकवलं, दुसऱ्या वर्षी तिचं हसू जरा कमी झालं.

"माह्यापेक्षा चापूनचोपून नेसता जी तुमी," ती म्हणाली. "लोकं मले इचारते, रंभा बरी हाय का म्हणून. माही कोणी इचारत नाई!"

"तुही मीच इचारतो ना," मुखरू म्हणायचा आणि आरशात बघून कुंकू ठीक करायचा.

पंचावन्न सालची मंडई. त्या वर्षी कमळेनं आपलं ठेवणीतलं मोरपंखी लुगडं त्याला दिलं. माहेरून आलेलं, दोन लग्नांत आणि एका बारशाला नेसलेलं. "डाग पडला तर घरात घेणार नाई," एवढं बजावून दिलं.

सकाळपासून मैदानात दुकानं लागली होती. लाह्या, मुरमुरे, बत्तासे, बांगड्या, मातीचे बैल. गुरं राखणारे गोवारी मोराच्या पिसांची ढाल घेऊन नाचत होते. दंडार दुपारी होती. मुखरूनं तोंडाला रंग लावला, हातभर काचेच्या बांगड्या चढवल्या, चोळीत कापूस भरला आणि तो लटारूची वाट पाहत बसला. लटारू म्हणजे दंडारीचा ढोलकरी आणि म्होरक्या. तो यायच्या आधी आला गिरणीवरचा निरोप.

"मुखरूभाऊ, पट्टा उतरला. मालकानं बलावलं."

गिरणीचे मालक गुणवंतराव माणूस वाईट नव्हते. दंडारीचे भारी शौकीन. मुखरूच्या गिरकीला सगळ्यात आधी तेच वाहवा द्यायचे. पण त्या दिवशी त्यांच्याकडे पाहुण्यांची गर्दी होती, नवा तांदूळ घरी पाहिजे होता, म्हणून सुटी असूनही त्यांनी इंजिन लावायला सांगितलं होतं. आणि नेमका हलरचा, धान भरडायच्या यंत्राचा, पट्टा चाकावरून घसरून खाली लोंबत होता.

खरं तर इंजिन थांबवूनच पट्टा चढवायला हवा. पण ते जुनं इंजिन एकदा थांबलं की त्याचं डोकं बत्तीनं लालभडक तापवा, मग दोघांनी मिळून ते भलंमोठं चाक फिरवा, तरी ते रुसून बसणार. म्हणून गिरणीत रीतच पडली होती. इंजिन चालूच ठेवायचं आणि मुखरूनं बांबूच्या काठीनं पट्टा फिरत्या चाकावर चढवायचा. त्यानं तो शेकडो वेळा चढवला होता. अर्ध्या चड्डीवर.

"लुगडं सोडून ये ना बापा," दारातच गुणाबाई म्हणाली. गुणाबाई गिरणीत तांदूळ पाखडणाऱ्या बायांपैकी, सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत फटकळ.

"पुन्हा कोण नेसवंल?" मुखरू म्हणाला. "कमळी तिकडं बांगड्या घेऊन राह्यली. एका दमात चढवतो, पाह्य."

त्यानं पदर कमरेला खोचला, काठी घेतली आणि पट्टा उचलला. पट्टा चाकावर चढला. अगदी झकास चढला. मुखरूला त्याचाच आनंद झाला, तो ऐटीत मागं वळला, आणि खोचलेला पदर सुटला.

पुढचं सगळं इतकं झरझर झालं की ज्यानं त्यानं ते वेगळंच सांगितलं. पदर पट्ट्याखाली गेला आणि पट्ट्यानं लुगडं ओढायला सुरुवात केली. दुसरा कोणी असता तर त्यानं दोन्ही हातांनी लुगडं धरून ठेवलं असतं आणि लुगड्याबरोबर चाकात गेला असता. मुखरूचं अंग नाचणाऱ्याचं. लुगडं ज्या बाजूनं सुटत होतं त्या बाजूनं त्यानं गिरकी घेतली. एक, मग दुसरी, मग तिसरी. भोवरा सुटावा तसा तो त्या भुशाच्या जमिनीवर फिरत गेला आणि नऊ वार मोरपंखी कापड त्याच्या अंगावरून उलगडत चाकाकडं धावत गेलं. छप्पर फिरलं, इंजिन फिरलं, गुणाबाईचं उघडं तोंड फिरलं. चाकाजवळचा सागाचा खांब हाताला लागला तशी उजव्या हातानं त्यानं खांबाला मिठी मारली. पण शेवटचा वेढा डाव्या मनगटावर, बांगड्यांत अडकला होता. हात ताणला गेला, खांदा निखळला, बोटं पट्ट्याखाली गेली, बांगड्या फुटल्या. मग कापड टरकन फाटलं आणि हात सुटला.

इंजिनवरचा भैयाजी दिवसाकाठी दोन शब्द बोलला तर गिरणीत चर्चा व्हायची. त्यानं तेल केव्हाच बंद केलं होतं, पण जड चाक थांबता थांबत नव्हतं. भक्... भक्... करत ते निवलं. लुगडं चाकाभोवती गुंडाळून बसलं होतं आणि त्याचा एक तुकडा वर निशाणासारखा फडफडत होता.

खांबाला मिठी मारून रंभा उभी होती. कपाळावर कुंकू, डोळ्यांत काजळ, अंगात चोळी, आणि खाली फक्त लंगोट.

"माह्या कमळीचं लुगडं!" मुखरू ओरडला.

मग त्यानं स्वतःकडं पाहिलं. चोळीतला कापूस एका बाजूनं बाहेर आला होता. डाव्या हाताची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, बोटांसारखी दिसतच नव्हती. पण तो पुरा होता. डोकं जागेवर होतं, दोन पाय जागेवर होते. तो जिवंत होता! त्याला वाटलं ओकारी होणार, आणि आलं ते हसू. तो हसायला लागला. थांबेचना. गुणाबाईनं एक बारदान उचलून त्याच्या कमरेला गुंडाळलं आणि त्याला आवळून धरत तीही रडतारडता हसायला लागली.

"हसून काऊन राह्यला रे मेल्या!"

"मी... मी नाई गेलो बाई चाकात! लुगडंच गेलं!"

भैयाजीनं आपल्या डोक्याचं धडोतं सोडून हाताला करकचून बांधलं. बैलांचं खाचर जुंपलं. दवाखान्याची वाट मंडईच्या मैदानातूनच होती, दुसरी नव्हती. आणि मैदानात तर लोक रंभेचीच वाट पाहत होते.

बारदान नेसलेली रंभा बैलगाडीतून येताना दिसली आणि लोकांना वाटलं, यंदा लटारूनं नवीन काहीतरी काढलं. शिट्ट्या वाजल्या. गोवाऱ्यांनी ताल धरला. "रंभा कुठी चालली वं?" कोणीतरी ओरडलं.

मुखरूला अजून दुखत नव्हतं. अंग हलकं कापसासारखं झालं होतं, आभाळ अगदी जवळ आलं होतं आणि समोरचा एकेक माणूस त्याला फार म्हणजे फारच आवडत होता. त्यानं उजवा हात उंचावून मुरका मारला. "सासरी!" तो म्हणाला. मैदान हसून लोटपोट.

कमळा लाह्यांचा पुडा घेऊन गर्दीतून वाट काढत गाडीजवळ आली. हसतच आली. मग तिला बारदानावरचं रक्त दिसलं, नवऱ्याचा लोंबणारा हात दिसला, आणि तिच्या तोंडून जे निघालं त्याची तिला पुढं जन्मभर लाज वाटली.

"लुगडं कुठी हाय?"

"गेलं," मुखरू म्हणाला. "मी राह्यलो."

ती गाडीला धरून चालत राहिली. लाह्या सगळ्या वाटेवर सांडल्या. थोड्या वेळानं ती मुसमुसत म्हणाली, "तुमी राह्यले ना. जाऊ द्या तिकडं." आणि चालत्या गाडीत चढून तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

दवाखान्यात कंपाउंडर चष्मा पुसून पुढं आला, चोळीकडं पाहिलं, नजर खाली घातली आणि म्हणाला, "बाई, घाबरू नका. सोबत कोण आहे?"

"मी हावो," कमळा म्हणाली. "ह्यायची बायको."

कंपाउंडरनं चष्मा पुन्हा पुसला.

डॉक्टरांनी खांदा बसवला. तेव्हा मात्र मुखरूचं हसू जे पळालं ते पार वडसा गाव गाठेपर्यंत थांबलं नसेल. दोन बोटं वाचण्यासारखी नव्हती, ती काढावी लागली. पुढचे किती दिवस नसलेली बोटं ठणकत राहिली. तो कुशीवर वळे, नसलेली करंगळी चोळायला हात नेई आणि तिथं पट्टी लागे. खांदा बसला, पण हात खांद्याच्या वर जाईना. कमळा कोंबडीचा रस्सा पाजायची आणि तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. हात वर जात नाही, तर रंभा नमन कसं करणार? डोईवरची घागर कशी धरणार? एका सकाळी तो चुलीपुढं बसून खरंच रडला. जेवढं रडता येईल तेवढं रडला. कमळेनं मध्ये तोंड घातलं नाही. भाकर थापत राहिली.

गुणाबाई रोज येऊन गिरणीच्या बातम्या सांगे. एक दिवस ती पाय आपटतच आली.

"मालक काय म्हणून राह्यले, ठाऊक हाय? म्हणते, लुगडं नेसून मशीनजवळ जाले त्याले सांगतलं कोणं? जसं काई आमी कोट-पाटलून घालून येतो! आमी बारा जणी रोज लुगडं नेसूनच त्या पट्ट्याखालून तांदूळ ओढतो ना? तुहं लुगडं सोंगाचं होतं. आमचं का सोंगाचं हाय?"

मुखरू उठून बसला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण नसते चाळे केले आणि भोगतो आहोत, असंच तो धरून चालला होता. मागं त्या बायांतल्याच बुधरीचा पदर असाच ओढला गेला होता, तेव्हा विळ्यानं कापून ती सुटली होती आणि सगळे नुसते हसले होते, तेही त्याला आता आठवलं.

"मग तुमी काय केलं?"

"काय करतो? पट्ट्याले कठडा घाला म्हणलं, तवा जाऊ तिकडं. तोवर चिंचेखाली बसून पाखडतो. मालक म्हणते, हंगाम जाऊ द्या, मग पाहू." गुणाबाईनं श्वास घेतला. "बांबूचा कठडा, रे! ह्या झाडीत! घरात मीठ नसंल पण बांबू हाय."

मुखरूनं मान खाली घातली. मग त्याचे खांदे हलायला लागले. कमळेला वाटलं, पुन्हा रडतो आहे. तिनं वाकून पाहिलं तर तो हसत होता.

"कमळे, लटारूले बलाव. आन् एक जुनं लुगडं काढ."

"माणूस हाय का कोण हाय!" कमळा कडाडली. "स्वतःच्या हातावर लोकाले हसवता का जी?"

"रडून पाह्यलं ना," मुखरू म्हणाला. "त्यानं तर काई झालं नाई."

त्याच हिवाळ्यातली पुढची मंडई वैरागडच्या वाटेवरच्या एका गावी होती. तिथं आरमोरीची दंडार ठरलेली, आणि गुणवंतराव म्हणजे मानाचे पाहुणे. त्यांना समोर खाटेवर गादी घालून बसवलं होतं. रंभा उभी राहणार नाही असं सगळे धरून चालले होते. म्हणून ढोल वाजला आणि डावा हात झोळीत घातलेली रंभा ठुमकत आली तेव्हा आधी कोणी श्वासच घेतला नाही. मग असा गलका उठला की झाडावरचे पोपट उडाले. गुणवंतराव तर खाटेवर उभेच राहिले. "वाहवा रे मुखऱ्या! वाहवा!"

रंभेनं लाजत लाजत सांगितलं, की गिरणीवाल्या मालकानं यंदा एक घरजावई आणला आहे आणि माझं लग्न त्याच्याशी लावलं आहे. जावई म्हणजे कोण? लटारू अंगाला काळी लांबलचक पट्टी गुंडाळून गोल गोल फिरत आला. आणि मागं भैयाजी, तो अबोल भैयाजी, मडक्यात तोंड घालून इंजिनचा आवाज काढत बसला होता. भक्-भक्-भक्! इतका हुबेहूब की मालकांच्या गाडीला जुंपून आणलेले गिरणीचे बैल कान टवकारून पाहायला लागले.

"असा कसा गा हा नवरा!" रंभा म्हणाली. "न बोलते, न चालते, जवळ गेली की पदरच धरते! सोड ना मेल्या, लोकं पाहून राह्यले!" लटारूनं पदर ओढला, रंभेनं गिरकी घेतली. बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. "पदर धरला, म्हणलं धर. मंग हात मांगतला. मी म्हणलं, हात पुरा नाई देत, दोन बोटं घे!" आणि तिनं झोळीतून हात काढून पट्टीतली तीन बोटं लोकांपुढं नाचवली.

हसणं एकदम थोडं थबकलं. मुखरूनं थबकू दिलं नाही.

"मी मालकाले म्हणलं, भाऊ, तुमच्या जावयाले दावणीले बांधा, लोकाच्या बायकाचे पदर वढते. मालक म्हणते, हंगाम होऊ दे. सध्या त्याले कामं हायेत!"

गुणवंतराव हसताहसता खोकत होते. डोळे पुसता पुसता त्यांचा हात थांबला. त्यांना कळलं. आणि त्याच क्षणी बायकांच्या घोळक्यातून गुणाबाई उठली.

"दावं बांधा जावयाले!"

"दावं बांधा!" दहा जणी म्हणाल्या. मग पुरुष, मग गोवारी ढाली नाचवत. लटारूनं बोल धरला, दा-वं-बां-धा, दा-वं-बां-धा. भैयाजीनं मडक्यातून साथ दिली. सगळं गाव एका ठेक्यावर झुलत होतं आणि मध्यभागी रंभा गरगर फिरत होती. आता पट्टा नव्हता, चाक नव्हतं. नुसतं फिरणं. मुखरूला वाटलं, आपण जमिनीला टेकतच नाही आहोत.

गिरकी थांबली तेव्हा खाट रिकामी होती.

त्या रात्री मुखरूची धुंदी उतरली. कमळा शेजारी जागी होती. "काम गेलं तर?" तिनं विचारलं. "जाईन आलापल्लीच्या जंगलात, लाकडं मोजाले," तो म्हणाला. पण आवाजात काही दम नव्हता.

काम गेलं नाही, कारण गुणवंतरावांना बोलायला फुरसतच मिळाली नाही. बाजारात गेले तर पानवाला विचारी, "भाऊ, जावई बरा हाय ना?" न्हावी दाढी करताना विचारी. धान घेऊन येणारे पार कुरखेड्याकडचे गाडीवान गिरणीच्या दारात बैल सोडताना आधी विचारत, "जावयाले बांधलं का जी?" आठवडाभरानं त्यांनी मुखरूला बोलावून घेतलं. मुखरू हात झोळीत आणि जीव मुठीत घेऊन गेला.

गुणवंतरावांनी डोळे वटारले. "मुखऱ्या, माही बुडी माय, जिले कानानं आयकू येत नाई, काल जेवताना मले इचारते, जावयाले दावं बांधलं का म्हणून!" ते गरजले. पुढं आणखी काही मोठं बोलायचं होतं, पण ओठ थरथरायला लागले, पोट हलायला लागलं. "बांबूची गाडी गेली आणाले," त्यांनी कसंबसं म्हटलं. "हसू नोको."

मुखरू हसलाच. मग तेही.

हसणं ओसरल्यावर ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मीच बलावलं होतं तुले. मले समजते." एवढं बोलून ते हिशेब सांगायला आलेल्या माणसाकडं वळले. मुखरू तिथून गिरणीत गेला.

कठडा बायांनीच बांधला. उभे बांबू, आडव्या कामट्या, वाखाच्या दोरीनं आवळून, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी छातीइतका. बांधून झाल्यावर गुणाबाईनं इंजिन लावायला सांगितलं आणि ती आपला पदर हातात धरून कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झटकत गेली. पट्टा आत फडफडत राहिला. पदर बाहेरच राहिला. बायांनी टाळ्या पिटल्या. भैयाजीनं तेवढ्यात जाहीर केलं, "चालत्या चाकावर पट्टा नाई चढणार आता. इंजिन थांबंल." त्याचं त्या महिन्यातलं सगळ्यात लांब भाषण होतं ते, त्यामुळं मालकांनीही मान डोलावली. इंजिन तापवायला वेळ लागतो तो लागू लागला. बाया तेवढ्यात चिंचेखाली पान खाऊन घेऊ लागल्या.

मुखरूनं तीन बोटांनी तेलाचा डबा धरायची सवय केली. दंडारीत डावा हात वर जाईना, म्हणून रंभेचं नमन त्यानं बदललं. डावा खांदा किंचित पाडायचा, हात कमरेपाशी लवता ठेवायचा, दोन बोटांची जागा तळव्यात लपवायची आणि मान तिरकी करून वर पाहायचं. दुसरा इलाजच नव्हता. पण लोकांना ते असं काही भावलं की जुनं नमन कोणी मागेना.

तीनेक वर्षांनी कुरखेड्याच्या मंडईत तो आणि कमळा नुसतेच पाहुणे म्हणून गेले होते. तिथली दंडार दुसऱ्या गावची. ढोल वाजला आणि दसरू नावाचा एक गडी बाईच्या सोंगात पुढं आला. त्यानं डावा खांदा पाडला, हात कमरेपाशी लववला, आणि चांगली धडधाकट दोन बोटं तळव्यात मुडपून मान तिरकी केली.

"अवो," कमळा कुजबुजली, "हे तर तुमचं हाय."

मुखरूला काही सुधरेना. त्यानं आजूबाजूला पाहिलं. लोक माना डोलावत होते. दंडार सुटल्यावर तो गर्दीतून तडक रंग पुसत बसलेल्या दसरूकडं गेला.

"भाऊ, ते नमन कोणाकडून शिकला गा?"

"मोठ्या रंभेचं हाय ते," दसरू म्हणाला. "आरमोरीकडची. सगळे आता तसंच करते. काऊन?"

"काई नाई. बोटं घट्ट मुडपता तुमी, म्हणून मनगट आखडते." मुखरू त्याच्यापुढं उकिडवा बसला आणि आपला डावा हात त्यानं उजेडात धरला. "ती बोटं नाईतच, असं समजा. हे पहा, असं."

दसरू हातातलं फडकं तसंच धरून त्या हाताकडं पाहत राहिला.